स्ट्रेटनरने भाजलेले केस घरच्या घरी कसे सांभाळावेत?

सुरंगीवळेसर | ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार. मी म्हापशाची. नोकरी कांदोळीच्या एका हॉटेलात, फ्रंट ऑफिसला. तीन वर्षांपूर्वी कामाला लागले तेव्हा माझे केस कमरेखाली होते. दाट, थोडे कुरळ्याकडे झुकणारे. आईला त्या वेणीचं केवढं कौतुक! जत्रेला अबोलीच्या दोन फाती, म्हणजे गजरे, घेतल्या तरी त्या वेणीवर कमीच वाटायच्या.

ड्युटी सकाळी सातची. साडेपाचला न्हायचं, टॉवेलने केस खसाखसा पुसायचे आणि अर्धवट ओले असतानाच स्ट्रेटनर फिरवायचा, कारण सव्वासहाला स्कूटर काढावीच लागते. तापमानाचा आकडा कायम २३० अंशांवर. पट्ट्यांमध्ये केस धरले की चर्र आवाज यायचा, वाफ निघायची. मला वाटायचं, केस वाळतायत. एप्रिलमध्ये बहिणीचं लग्न झालं, त्या आठवड्यात तर रोज दोनदा, वर कर्लरही.

आता खालचे सहा-सात इंच केरसुणीसारखे झालेत. विंचरताना तुटतात, फणीत आखूड तुकडे येतात. काही केसांवर मध्येच पांढरा ठिपका दिसतो आणि बरोबर तिथेच केस मोडतो. ओला केस ओढला तर लांबत जातो, परत येत नाही. पाऊस लागल्यापासून तर हात लावू नये असे फुगतात.

काल आई तेल लावायला बसली. केस हातात धरले आणि गप्पच झाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आतापर्यंत अंडं दोनदा लावलं, तांदळाचं पाणी लावलं, लिंबू लावलं. लिंबाने आणखीच खरखरीत झाले. पार्लरमध्ये म्हणतात, केस गुळगुळीत करायचं केराटिन करून घे. केस कापायचेच नाहीत असा माझा हट्ट नाही, पण कमरेवरून एकदम मानेपर्यंत आणायला मन तयार होत नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कुळागर | ११ जून, रात्री १०.१५

बाय, मन घट्ट कर. केस वाढतात.

मी प्रियोळची, वय ६४. आमच्या घरी अजून घाण्याचंच तेल येतं, आमच्याच माडांच्या खोबऱ्याचं. ते जरा कोमट कर, तव्यावर नको, गरम पाण्यात वाटी ठेवून. रात्री केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लाव, सैल वेणी घाल, सकाळी न्हा. आठवड्यातून दोनदा.

दुसरं, दासवणीची पानं. लाल, एकेरी पाकळ्यांच्या जास्वंदीची. दोन मुठी पानं धुवून थोड्या पाण्यात हाताने कुस्करायची. मिक्सरला लावू नकोस, बारीक चोथा केसांत अडकतो आणि तो काढताना केस तुटतात. हाताने कुस्करली की बुळबुळीत रस सुटतो. तो पातळ फडक्यातून गाळून केसांना लाव, वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन टाक. केसांतून बोटं कशी फिरतात बघ.

नारळाचा घट्ट रसही लावतात, पण तुटणाऱ्या केसांना तो धुऊन काढायचा त्रास. तू सध्या तेलच धर.

पाटोकडून | १२ जून, सकाळी ८.०५

वाचते आहे. माझेही कुरळे केस आणि हीच कथा, फक्त स्ट्रेटनरऐवजी ड्रायर. तांदळाच्या पाण्याबद्दल जाणकारांनी लिहा ना. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज रोज होते, ते पाणी चालेल का?

वेर्णा_शिफ्ट | १२ जून, रात्री ११.३०

लांब लिहितो आहे, सवडीने वाचा. मी वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. केस हा माझ्या कामाचा विषय नव्हे. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचे केस असेच गेले, ती रडायची ते बघवेना, म्हणून मिळेल तेवढं वाचून काढलं.

कठीण गोष्ट आधी सांगतो. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. हाताला भाजलं तर जिवंत पेशी ती जखम भरून काढतात, केसात त्या नाहीतच. त्यामुळे भाजलेला केस पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, मग डबीवर काहीही लिहिलेलं असो. तो सांभाळता येतो, मऊ राखता येतो, तुटायचा थांबवता येतो. तोवर मुळाकडून नवा केस येत राहतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, कुणाचा थोडा जास्त. तुमचं सगळं गणित या एका सेंटिमीटरवर बसवा.

आता तो चर्र आवाज. केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. बाहेर पारदर्शक खवल्यांचे पाच ते दहा थर, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले. आत गाभा, केसाचं बळ सगळं त्यात. केस पूर्ण भिजला की आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी पोटात घेतो. त्यावर तापलेली पट्टी दाबली की ते पाणी आतल्या आत उकळतं, वाफेला वाट मिळत नाही आणि गाभ्यात बुडबुडे होतात. त्वचारोगाच्या पुस्तकांत याला 'बबल हेअर' असंच नाव आहे. १२५ अंशांचा कर्लर ओल्या केसावर मिनिटभर धरला तरी बुडबुडे झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तुमचा आकडा २३० होता. बुडबुड्याच्या जागी केस पोकळ होतो आणि तिथे मोडतो. पांढरा ठिपका दिसतो तिथे खवले निघून गेलेत आणि आतले तंतू पिंजारलेत, दोन केरसुण्या तोंडाला तोंड लावून एकमेकींत खुपसाव्यात तसे.

पुढे कधी स्ट्रेटनर हातात घेतलाच तर केस पूर्ण कोरडे हवेत आणि आकडा १५० ते १८० च्या मध्ये. २३० च्या आसपास कोरड्या केसातल्या केराटिनचीसुद्धा घडण मोडते. आणि तेल लावून इस्त्री कधीच करू नका. घाण्याचं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं. म्हणजे केस त्या तेलात तळून निघतात.

तेलाबद्दल कुळागरताईंनी सांगितलं ते अगदी योग्य, आणि त्यामागचं कारणही सापडतं. २००३ साली मुंबईच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलामुळे धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी झालं, चांगल्या केसातलंही आणि बिघडलेल्या केसातलंही. बाकी दोन तेलांनी तसं केलं नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. हे दोघे खोबरेल विकणाऱ्या मॅरिकोच्या संशोधन विभागात होते, हे सांगायला हवं. पण खोबरेल आत शिरतं हे पुढे इतरांच्या अभ्यासांतही दिसलं आहे. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं. दर धुण्याला केस फुगायचा आणि आक्रसायचा, त्यात खवले सुटायचे, ते कमी होतं. म्हणून तेल न्हाण्याच्या आधी, कोरड्या केसांना. टाळूवर थापायची गरज नाही, दुखणं खालच्या टोकांना आहे.

कंडिशनर मात्र चुकवू नका. घरगुती उपायांच्या नादात बायका नेमका तोच सोडतात. भाजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार वाढलेला असतो, कंडिशनरमधले घटक धन भाराचे. जिथे केस जास्त बिघडलेला तिथे ते जास्त चिकटतात. साधा, स्वस्तातला कंडिशनरही हे काम करतो. सिलिकोनला घाबरू नका. या अवस्थेत घर्षण कमी करणारी वस्तू म्हणजे केसाचं कवच.

लिंबाचं असं: केसाला आंबट मानवतं, पण सौम्य आंबट. केसाचा स्वतःचा सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आंबट) ३.७ च्या जवळ, टाळूचा ५.५. लिंबाचा रस २ च्या आसपास, नुसता लावला की केस राठ होणारच. खायचा सोडा तर उलट्या दिशेचा, तो केसांजवळही नेऊ नका.

तांदळाच्या पाण्याचं उत्तर उद्या देतो. पहाटेची शिफ्ट आहे.

सुरंगीवळेसर | १३ जून, दुपारी ३.२०

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. तो आवाज मी तीन वर्षं रोज ऐकला, पण कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. आज स्ट्रेटनर आईच्या कपाटात ठेवून दिला, किल्ली तिच्याकडे.

सर, केस धुतल्यावर ते सुकवू कसे? पावसात दिवसभर ओलेच राहतात. वर हेल्मेट. परवा केसांना कुबट वास यायला लागला.

शापोराकाठ | १३ जून, रात्री ९.००

मी ब्यूटिशियन. म्हापशात १४ वर्षं पार्लर चालवते. धंदा माझा असला तरी खरं तेच सांगणार.

पार्लरमधल्या 'केराटिन'ने केसात केराटिन भरलं जात नाही. केसावर लेप बसतो आणि तो पक्का करायला वरून पुन्हा २०० च्या पुढची इस्त्री सात-आठ वेळा ओढतात. तुझे केस आत्ता त्या उष्णतेला टिकणार नाहीत. दोन महिने गुळगुळीत दिसतील, लेप उतरला की आजच्यापेक्षा वाईट. माझ्याकडे अशा अवस्थेतली मुलगी आली तर मी परत पाठवते.

दुसरं म्हणजे, करताना डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तो वास फॉर्माल्डिहाइडचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. ग्राहक वर्षातून एकदा हुंगते, आम्ही रोज. मी पाच वर्षांपूर्वी ते बंद केलं. आता 'फॉर्माल्डिहाइड नाही' असं लिहिलेली ग्लायॉक्सिलिक आम्लाची उत्पादनं आलीत. त्यांच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या बायकांच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी छापल्या आहेत. म्हणून तेही मी ठेवत नाही.

आता कापायचं. दुभंगलेलं टोक कापलं नाही तर फाट वर चढत जाते, साडीच्या धाग्याला ओढ लागते तशी. पण एकदम मानेपर्यंत कशाला? पहिल्यांदा दोन-तीन इंच, मग दर आठ आठवड्यांनी एक-दीड इंच. मधल्या काळात घरी 'डस्टिंग' कर. कोरड्या केसांची पातळ बट घेऊन सैल पीळ द्यायचा. बाजूला टोकं उभी राहतात. तेवढीच, फाट्याच्या पाव इंच वर कापायची. कात्री केसांचीच हवी. कागद कापायच्या बोथट कात्रीने टोक चेचलं जातं आणि आठ दिवसांत पुन्हा दुभंगतं.

सुकवण्याबद्दल: टॉवेलने घासायचं पूर्ण बंद. जुना सुती पंचा किंवा आईची जुनी लुगड्यासारखी मऊ झालेली साडी घे, केस त्यात गुंडाळून फक्त दाब. पाणी शोषलं जातं, खवले उचकटत नाहीत. ओल्या केसांचा अंबाडा घालू नकोस, वास त्यानेच येतो.

वेर्णा_शिफ्ट | १४ जून, संध्याकाळी ६.१०

शापोराकाठताईंनी फार मोलाचं लिहिलं. आपल्या पोटावर पाय येईल हे माहीत असून असं लिहिणारे थोडे.

सुकवण्यात एक भर. ड्रायर वाईट आणि आपोआप वाळवणं चांगलं हे इतकं सरळ नाही. २०११ साली कोरियातल्या एका अभ्यासात ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरून सतत हलवत केस वाळवले. तिथे केसापाशी तापमान ४७ अंशांच्या आसपास होतं. ५ सेंटिमीटरवर तेच ९५. गरम हवेने वरचे खवले थोडे खराब झाले, पण आपोआप वाळवलेल्या केसात पेशींना जोडून ठेवणारा आतला थर बिघडलेला दिसला, कारण केस फार वेळ ओले राहिले. म्हणजे आपल्याकडच्या जून-जुलैत, जिथे दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे केस पंच्याने टिपून, ऐंशी टक्के पंख्याखाली वाळवून, उरलेली ओल वीतभर लांबून मंद ड्रायरने काढणं शहाणपणाचं. माझ्या मते तुम्ही न्हाणंच संध्याकाळी घरी आल्यावर ठेवा. पहाटेची घाई हेच तुमच्या दुखण्याचं मूळ आहे.

पाटोकडून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पेजेच्या पाण्यातला पिष्टमय भाग केसावर पातळ थर धरतो, केस थोडा ताठ आणि जाड लागतो. तुटणाऱ्या, कोरड्या केसाला हा ताठपणा सोसत नाही, म्हणून सुरंगीवळेसर यांना मी नको म्हणेन. तुमचे केस बारीक आणि लोंबते असतील तर पंधरा दिवसांतून एकदा, बिनमिठाचं, पातळ करून, दहा मिनिटं. आंबवून कुबट करायची काही गरज नाही. बाटलीबंद उत्पादनात 'हायड्रोलाइज्ड' तांदूळ प्रथिन असतं, त्याचे रेणू तोडून लहान केलेले असतात. पेजेचं पाणी आणि ते एक नव्हे.

अंड्याचंही तेच. बलकातला स्निग्धपणा थोडं मऊ करतो, पण पांढऱ्यातल्या प्रथिनाचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नाहीत.

कुळागर | १४ जून, रात्री ८.४५

अंड्याबद्दल पटलं. आमच्यात केसांना अंडं कुणी लावलंच नाही. पण शिकेकाईबद्दल कुणीच कसं बोलत नाही? आमच्या आज्या शिकेकाईने न्हायल्या आणि ऐंशीव्या वर्षी अंबाडा बांधत होत्या.

आणखी एक. आषाढ-श्रावणात आजी पागोळ्यांचं पाणी हंड्यात धरून ठेवायची, न्हाणीघरात चुलीवर तापवायची आणि आम्हा पोरींना त्याने न्हाऊ घालायची. त्या पाण्याने केस रेशमासारखे व्हायचे.

वेर्णा_शिफ्ट | १४ जून, रात्री १०.२०

कुळागरताई, पागोळ्यांचं पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी, तुमच्या आजींना ते हाताला कळलं होतं. पहिले काही पाऊस सोडून, छप्पर धुऊन निघाल्यावर धरलेलं असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे ओतायला माझी हरकत नाही. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी बादली बघावी. आपल्या जांभ्या दगडाच्या भूमीत कित्येक विहिरींच्या पाण्यात लोह असतं, बादलीला तांबूस कड धरते. तेच लोह केसावर बसून केस राठ करतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेही वाईट.

शिकेकाई चांगलीच, मूळची आंबटसर आणि सौम्य. पण पूड थेट चोळू नये. तिचे कण भाजलेल्या केसाला घासतात. शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, दोनदा गाळून तो काढा घ्यायचा. तेल थोडं मागे राहतं, राहू द्या.

नाटकवेडी | १५ जून, दुपारी १.००

उशिरा आले धाग्यावर. मी फोंड्याकडची. गावच्या जत्रेतल्या नाटकांत वीस वर्षं कामं करते, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतही उतरले आहे. एका हंगामात मी पौराणिक नाटकासाठी तालमीपासून प्रयोगापर्यंत रोज कर्लर वापरला. कपाळावरचे, कानशिलाचे केस गेले ते यायला दीड वर्ष लागलं.

तेव्हापासून गंगावन वापरते. लग्नाला, नाटकाला, फोटोला जो आकार पाहिजे तो गंगावनाला द्या, आपल्या केसांना नको. सुरंगीवळेसर, तुझ्या नोकरीत केस बांधलेले चालतात ना? मग रोज सरळ करायची सक्ती कुठून आली? मध्ये भांग, थोडं कंडिशनरचं बोट, खाली सैल अंबाडा, वर जाळी. गुबगुबीत कापडी रबरबँड घे, साधा रबर केस कापतो. आणि अंबाड्याची जागा रोज बदल, एकाच ठिकाणी ताण नको.

सुरंगीवळेसर | १५ जून, रात्री १०.०५

नाटकवेडीताई, सक्ती कुणीच केली नव्हती. पहिल्या आठवड्यात एका वरिष्ठ बाई म्हणाल्या होत्या, "हे केस जरा आवर, पाहुण्यांना विस्कटलेलं दिसतं." मी तेवढ्यावर रोज इस्त्री सुरू केली. आज मॅनेजरना विचारलं. म्हणाले, अंबाडा नीट असला की झालं. तीन वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं. मुलींनो, तुमच्यापैकी कुणी नवीन नोकरीत असेल तर आधी विचारा.

सांजओपीडी | १६ जून, सकाळी ७.३०

मी त्वचारोगतज्ज्ञ. धागा चांगला चालला आहे, फक्त एक गोष्ट राहिली. केस तुटतो आहे की गळतो आहे हे आधी बघा. पडलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा, बारीक गाठीसारखा भाग असेल तर तो मुळातून आला आहे. आखूड तुकडा, दोन्ही टोकं नुसतीच, तर तो तुटलेला. दिवसाला ५० ते १०० केस मुळातून जाणं नेहमीचंच. त्याहून बरेच जास्त जात असतील, भांग रुंद होत असेल, टाळूवर खपल्या, खाज किंवा गोल चट्टे असतील तर तेलाने ते थांबणार नाही. मोठा ताप, बाळंतपण, एकदम घटवलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. थायरॉइड आणि शरीरातलं लोह तपासावं लागतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, त्वचारोगाचा विभाग आहे, तिथे दाखवा.

आणि केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. शरीरात त्याची कमतरता क्वचितच असते आणि मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. तपासणीला जाण्याआधी घेत असल्यास डॉक्टरांना सांगा.

पाटोकडून | १६ जून, रात्री ९.१५

सुरेच्या व्हिनेगरबद्दल कुणी सांगाल का? घरी आईचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर भरपूर आहे.

वेर्णा_शिफ्ट | १७ जून, सकाळी ६.५०

चालेल, पण लोणच्याच्या ताकदीचं नको. एका तांब्या पाण्यात एक चमचा. शाम्पूनंतर केसांच्या लांबीवर ओतायचं, मिनिटभराने साधं पाणी, मग कंडिशनर. पंधरवड्यातून एकदा पुरे. टाळूवर ओरखडा असेल तर झोंबेल, तेव्हा टाळा.

सुरंगीवळेसर | २ ऑगस्ट, रात्री ९.३०

सात आठवडे झाले. काय करते आहे ते लिहिते, कुणाला उपयोग होईल.

बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी न्हाते. आदल्या रात्री दोन चमचे खोबरेल, फक्त कानाखालच्या केसांना. शाम्पू टाळूवरच, बोटांच्या पेरांनी. फेस खाली ओघळतो तेवढ्याने खालचे केस स्वच्छ होतात. कंडिशनर कानाखाली, पाच मिनिटं, आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर विंचरते. नंतर ओल्या केसांना फणी लावत नाही. आईची जुनी साडी, मग पंखा, मग लांबून ड्रायर. एका रविवारी दासवणीचा रस. हेल्मेटच्या आत सॅटिनचा स्कार्फ बांधते.

शापोराकाठताईंनी सांगितलं तसे तीन इंच कापले. केस गुळगुळीत झालेले नाहीत. टोकं अजून राठ आहेत. पण फणीतले तुकडे खूप कमी झालेत, पहिल्या आठवड्यात मूठभर यायचे, परवा मोजले तर अकरा होते.

कुळागर | ३ ऑगस्ट, सकाळी ७.००

शाबास बाय. गणपतीच्या चवथीच्या गडबडीत तेल चुकवू नकोस. गणपतीवर फळांची माटोळी बांधून, नेवऱ्या तळून दमलीस तरी रात्री पाच मिनिटं बस.

शापोराकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ८.२०

एक सांगायचं राहिलं होतं. हॉटेलच्या तलावात उतरलीस तर आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजव आणि थोडा कंडिशनर चोपड. केसाने आधीच साधं पाणी पिऊन घेतलं की क्लोरीनचं पाणी कमी शिरतं. समुद्राला जातानाही तसंच, आणि बाहेर आल्या आल्या गोड्या पाण्याने धू. मीठ केसावर वाळू देऊ नकोस.

सुरंगीवळेसर | ९ मार्च, रात्री १०.४५

धागा वर काढते आहे. आज नऊ महिने झाले.

एकूण आठ इंच कापून झाले, चार वेळा मिळून. वेणी आता पाठीच्या मध्यावर येते, पूर्वीच्या निम्मी. मुळाकडचे दहा सेंटिमीटर नवीन आहेत, हाताला लगेच कळतात. तिथे केस पुन्हा कुरळे आहेत, आणि मला स्वतःलाच आठवत नव्हतं इतके कुरळे. खालचा भाग अजून सरळ, निर्जीव. दोन पोत एका वेणीत आले की सांध्यावर केस तुटतात, म्हणून तिथे कंडिशनर जास्त लावते आणि विंचरताना सांध्याच्या वर मुठीत धरते. कुणी याच टप्प्यावर असेल तर हे ध्यानात ठेवा. मला हे दोन महिने वाया घालवून कळलं.

स्ट्रेटनर एकदाच काढला, डिसेंबरात, मैत्रिणीच्या लग्नाला. केस पूर्ण कोरडे, आकडा १६०, फक्त पुढच्या दोन बटा, एकदाच फिरवला. आवाज आला नाही.

सुरंगीच्या फुलांचा हंगाम सुरू झाला आहे. काल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आईने पहिला वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, आणला. संध्याकाळी मला समोर बसवलं, तेल लावलं, वेणी घातली आणि माळला. वेणी आखूड म्हणून तो दुहेरी करावा लागला. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी एकेरी पुरेल नाय."

पाटोकडून | १० मार्च, सकाळी ८.३०

सुरंगीवळेसर, सांध्यावरचं तुटणं माझंही तसंच चालू आहे, सहावा महिना. तिथे तेलही लावतेस की नुसता कंडिशनर?

सुरंगीवळेसर | १० मार्च, दुपारी २.१५

दोन्ही. आदल्या रात्री तेलाची बोटं आधी सांध्यावर, मग खाली. आणि झोपताना वेणी सैल, सॅटिनच्या उशीवर.